एझराच्या शब्दांची वाटेकरीण

हिल्डा स्टोर नवऱ्यावरून जळायची हे स्टेनबीच्या बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. गंमत अशी, की एझरा स्टोरकडे कुणी वळून बघावं असं त्याच्यात काही नव्हतं. उंच, हाडकुळा, मोठ्या कानांचा माणूस. बोलणं तर विचारूच नका. 'वारा फिरला' आणि 'चहा आण' एवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. तरी हिल्डाला वाटायचं, की हा माणूस आपल्या वाट्याला पुरता आलेला नाही, त्याचा कुठला तरी तुकडा दुसऱ्याच कुणाच्या ताटात पडतोय.

माझं लोकरीचं दुकान त्यांच्या घराला लागून. मधली भिंत एकच, आणि तीही पातळ. त्यामुळे त्या घरातलं मला कानांनीच जास्त कळायचं, आणि उरलेलं हिल्डा स्वतः काउंटरवर कोपरं टेकून सांगायची.

एझरा लाइटहाउस-कीपर होता, दीपगृहाचा दिवा सांभाळणारा. शेवटची बरीच वर्षं तो समोरच्या समुद्रातल्या हॅग खडकावर होता. दोन महिने खडकावर, एक महिना घरी. घरी आला, की हिल्डा त्याला खोदून खोदून विचारायची.

"काय खाता रे तुम्ही तिकडे?"

"आर्थर रश्श्यात पिठाचे गोळे सोडतो. कापसासारखे."

संपलं. तो सगळा महिना हिल्डाने रोज रश्श्यात पिठाचे गोळे सोडले. मांसाच्या रश्श्यात, वाटाण्याच्या रश्श्यात, एकदा तर माशाच्याही. निघायच्या आदल्या दिवशी एझरा म्हणाला, "पुरे गं आता. तिकडे गेलो, की आर्थरही हेच घालणार." हिल्डा दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

"मला सांग पॉली," ती मला म्हणायची, "तीन पुरुष, एक गोल खोली, आणि दोन महिने. बोलत असतीलच की नाही? मग बोटीत बसताना जीभ खडकावरच ठेवून येतो का हा? त्या आर्थरला माझ्या नवऱ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार."

खडकावरच्या एझराच्या या सोबत्याला, आर्थरला, ती कधी भेटली नव्हती. पण बंदरावर कुणी त्याचं नाव काढलं, तरी तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हिल्डाची आई डॉक्टरांच्या बंगल्यावर हाउसकीपर होती. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, तोंडात कायम 'होय सर'. हिल्डा तिथल्या मागच्या स्वयंपाकघरात वाढली. डॉक्टरांच्या मुली तिला नावाने हाक मारायच्या नाहीत, 'हाउसकीपरची मुलगी' म्हणायच्या. लग्न ठरलं तेव्हा ती आईला म्हणाली होती, "माझं घर छोटं असेल, पण मी त्यात नोकर नसेन." हे तिनेच मला सांगितलं होतं, आणि सांगताना पंचावन्न वर्षांच्या त्या बाईचा आवाज दहा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता.

एझरा निवृत्त झाला, आणि एक नवलच झालं. तो बोलायला लागला. एकदम नाही. शेकोटीपाशी पाइप ओढता ओढता एखादी आठवण सांगायचा. वादळात काचेवर येऊन आपटलेले पक्षी, धुक्यात आठवडाभर वाजणारा भोंगा, असलं काही. दुसऱ्या दिवशी हिल्डा अंगणाच्या भिंतीवरून मला ते अर्धंच सांगायची.

"पुढे काय झालं?" मी विचारायची.

"पुढचं माझं आहे," ती म्हणायची, आणि कपडे वाळत घालायला वळायची.

इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. पण ते दोन हिवाळेच टिकलं. एका सकाळी एझरा नाश्त्याला बसला होता, समोर भाजलेला मासा होता, आणि त्याच्या हातून काटा निसटला. हिल्डा म्हणाली, "उचल की." त्याने तिच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि आतून नुसता घरघर असा आवाज आला.

हॉस्पिटलमधून तो घरी आला तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि पाय ओढत होता. बोलणं सगळं गेलं होतं. राहिले होते दोनच शब्द. एक 'नाही', आणि दुसरा 'च्यायला'. चॅपलमध्ये आयुष्यभर पहिल्या बाकावर बसलेला माणूस! पाव हवा असला तरी च्यायला, खिडकी लावायची असली तरी च्यायला. एकदा चॅपलच्या बायका फुलं घेऊन आल्या, तर त्याने आभार म्हणून तोच शब्द फार प्रेमाने उच्चारला. हिल्डाने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि माझ्या दुकानात येऊन हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"मला तर म्हणतो ना," ती म्हणाली. "कुणाला का म्हणेना, पण दिवसभर ऐकते तर मीच."

मग हॉस्पिटलने मिस मॅलिन्सनला पाठवलं.

मिस मॅलिन्सन गेलेली वाचा परत आणायला शिकवायच्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची नारंगी रंगाची छोटी गाडी आमच्या चढावर धापा टाकत यायची. चाळिशी उलटलेली, ठेंगणी, गोल अंगाची बाई. बारा महिने सर्दी, नाकाला कायम रुमाल. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हिल्डाचा जीव भांड्यात पडला असावा, कारण मला येऊन म्हणाली, "बरी आहे बिचारी." ते कौतुक पहिल्या तासापुरतंच टिकलं.

त्यांची शिकवायची रीत अशी होती. त्या एझराच्या समोर खुर्ची ओढून बसायच्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. त्याचा धडधाकट डावा हात आपल्या हातात घ्यायच्या आणि टेबलावर ठोके द्यायच्या. एका ठोक्याला शब्दाचा एक तुकडा. आणि नुसतं म्हणायचं नाही, थोडं गायचं.

"अख्खा शब्द गिळायला जाऊ नका, मिस्टर स्टोर. घास घास घ्या. व्हील... बॅ... रो. आणि सगळे घास सारखे नाहीत हं. पहिला मोठा. पहिल्यावर जोर. व्हील-बॅ-रो."

हे मला भिंतीतून ऐकू यायचं. एक जड ठोका, मागून दोन हलके. आपण बोलताना कधी लक्षातच घेत नाही, पण आपल्या लांब शब्दांना असं एक डोकं असतं, आणि बाकीचं अंग त्याच्या मागून चालतं. ग्रीनहाउस म्हणताना 'ग्रीन'वर भार द्यायचा. मग ती टोमॅटो लावायची काचेची खोली होते. भार 'हाउस'कडे गेला, की ते नुसतं हिरव्या रंगाचं घर. मी दुकानात एकटी असताना विणता विणता काउंटरवर बोटं आपटून बघायची. थन्-डर-स्टॉर्म. फा-यर-प्लेस. मला मौज वाटायची.

हिल्डाला वाटत नव्हती.

"हात कशाला धरावा लागतो गं?" तिने मला विचारलं. "तोंडाने बोलायचंय ना? मग हाताचं काय काम?"

"अगं, ती त्यांची पद्धत असेल."

"पद्धत! लग्नाच्या दिवसानंतर चारचौघांत मी त्याचा हात धरलेला नाही. आपल्यात तसं नसतं. आणि ही आली, बॅग ठेवली, की धरला हात."

त्या दिवसापासून मिस मॅलिन्सनना टवका उडालेल्या कपात चहा मिळू लागला. हिल्डा एझरासाठी आल्याचा केक करायची, तो त्या दिवशी कपाटात जायचा आणि बशीत साधी बिस्किटं यायची. मिस मॅलिन्सन ती बिस्किटं चहात बुडवून अगदी मनापासून खायच्या. त्यामुळे हिल्डा आणखीनच चिडायची.

ख्रिसमसच्या आधी एझराच्या तोंडून पहिला अख्खा शब्द आला. मागच्या अंगणात त्याची जुनी ढकलगाडी उभी होती, तिच्याकडे बघून तो म्हणाला, "व्हीलबॅरो." स्वच्छ. भिंतीपलीकडे मलाही कळला इतका स्वच्छ. हिल्डा स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावली. नंतर मला म्हणाली, "मी दारात उभी होते पॉली. त्याने माझ्याकडे बघितलं पण नाही. तिच्याकडे बघत होता, शाळेतला पोरगा बाईंकडे बघतो ना, तसा. आणि ती टाळ्या वाजवत होती."

"अगं, पण बोलला ना!"

"बोलला. तिच्यासाठी."

पुढच्या आठवड्यात त्याहून वाईट झालं. एझरा 'मॅ-लिन्-सन' म्हणाला. पहिल्यावर जोर, तिन्ही तुकडे जागच्या जागी. हिल्डाचं नाव मात्र त्याला येईना. 'ह' म्हणायला गेला, की नुसती हवा जायची. मिस मॅलिन्सननी समजावलं, की ओठ मिटून सुरू होणारे शब्द आधी येतात, 'ह' घशातून येतो, त्याला वेळ लागतो, यात मनाचा काही संबंध नाही. हिल्डाने ऐकून घेतलं, "हो का," म्हणाली, आणि त्या दिवशी बिस्किटंही दिली नाहीत.

मग तिने स्वतःच शिकवायला घेतलं. मिस मॅलिन्सनची गाडी उतारावरून गेली, की भिंतीपलीकडे दुसरा वर्ग भरायचा. हिल्डाचे ठोके म्हणजे दारावर वसुलीला आलेल्या माणसाचे ठोके. सगळे सारखे आणि सगळे जड. टी! पॉट! वेस्ट! कोट! एझरा बिचारा गोंधळायचा. जो शब्द सकाळी अख्खा आला होता, त्याचे संध्याकाळी दोन तुकडे व्हायचे. शेवटी तो डोळे मिटून म्हणायचा, "नाही. नाही. च्यायला."

"माझ्यापाशी आला, की हेच दोन," हिल्डा म्हणायची.

फेब्रुवारीत चॅपलला नवे मिनिस्टर, म्हणजे धर्मोपदेशक, आले, मिस्टर ओल्डरॉइड. तरुण, भला माणूस, पण आजारी माणूस बहिराच असतो असं समजून त्याच्याशी ओरडून बोलायचा. एका रविवारी दुपारी ते स्टोरांकडे चहाला आले. हिल्डाने मलाही बोलावलं होतं. चांगले कप निघाले होते, आल्याचा केक निघाला होता. एझराला कॉलर लावून खिडकीसमोर बसवलं होतं. बाहेर अंधारून आलं होतं, आणि हिल्डा खिडकीपाशी उभी राहून चहा ओतत होती.

"मिस्टर स्टोर!" मिनिस्टर ओरडले. "तुम्ही! आयुष्यभर! काय काम केलंत?"

त्यांना माहीत होतं. पण काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. एझराचा चेहरा बदलला. त्याने डावा हात गुडघ्यावर ठेवला. बोटं हलली. आम्ही सगळे थांबलो. त्याच्या मानेवरची शीर फुगली.

"लाइट," तो म्हणाला, आणि थांबला. दम घेतला.

हिल्डाने लगबगीने दिव्याचं बटण दाबलं. खोलीत उजेड पडला. एझराने जोरजोरात मान हलवली, "नाही, नाही." हात उचलून खिडकीकडे बोट दाखवलं, जिथे ती किटली घेऊन उभी होती, आणि दुसऱ्या दमात म्हणाला,

"हाउसकीपर."

मोठ्यांदा, ठाशीव, 'हाउस'वर सगळा भार टाकून. आणि मग आमच्या सगळ्यांकडे बघून हसला. आजारपणानंतर मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"अगदी खरं!" मिनिस्टर म्हणाले. "मिसेस स्टोर घर फारच छान ठेवतात!"

हिल्डाने चहा ओतला. एक थेंब सांडू दिला नाही. केक कापला, सगळ्यांना दिला, मिनिस्टरांची छत्री काढून दिली. ते गेल्यावर मी तिला म्हणाले, "हिल्डा, अगं तो..." पण मलाही तेच ऐकू आलं होतं.

"घरी जा पॉली," ती म्हणाली. "दुकान उघडायचं असेल तुला."

रविवारी कसलं दुकान!

मंगळवारी नारंगी गाडी आली. दार वाजलं. हिल्डाने दाराच्या फटीतून सांगितलं, "झोपलाय." शुक्रवारीही तेच. पुढच्या मंगळवारीही तेच. त्यानंतर तर तिने दारच उघडलं नाही, मिस मॅलिन्सन वाजवून वाजवून परत गेल्या. संध्याकाळचा तिचा वर्गही बंद झाला. त्याचं जेवण, औषध, कपडे सगळं वेळेवर, पण भिंतीपलीकडून एक शब्द येईना. तिने बोलणं टाकलं होतं, आणि त्याने आता 'च्यायला' म्हणणंही सोडलं. मला ती शांतता सहन होईना. मी मुद्दाम दुकानात रेडिओ लावून ठेवायची.

एकदा मी तिला छेडलं, तेव्हा ती फणकारली, "हा शब्द त्याला शिकवला कुणी? त्याला सांगून काय उपयोग! तीच बसते ना गुडघ्याला गुडघा लावून. नाव घ्यायचं तिचं, आणि मी कोण, तर हाउसकीपर. माझी आई सुटली त्या किल्ल्यांतून मेल्यावर, आणि मी... जाऊ दे."

त्यानंतर एका शुक्रवारी मिस मॅलिन्सन दार वाजवून थकल्या आणि माझ्या दुकानात शिरल्या. नाक पुसत होत्या. मी त्यांना स्टूल दिलं. तेवढ्यात मागच्या दाराने हिल्डा आली. तिला राखाडी लोकर हवी होती. बाईंना बघून तशीच वळली असती, पण मी मध्ये उभी होते. मुद्दामच.

"मिसेस स्टोर, कसे आहेत ते?"

"झोपलेत."

"नेहमी मी आले, की झोपलेले असतात."

"म्हातारा माणूस आहे. झोपतो."

"माझं काही चुकलं का?" मिस मॅलिन्सननी सरळ विचारलं.

हिल्डाने लोकरीचा गुंडा काउंटरवर आदळला. "तुम्ही त्याला 'हाउसकीपर' शिकवलंत. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून. माझाच चहा पिऊन."

मिस मॅलिन्सन रुमाल नाकाशी धरून तशाच थांबल्या. "म्हणाले? कधी? कसं म्हणाले? जसंच्या तसं सांगा."

हिल्डा सांगेना. मग मीच सांगितलं. दिवा, बोट, खिडकी, सगळं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला, आणि मला भीती वाटली की या आता हसणार. हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या काउंटरवर चार ठोके दिले. पहिला जड, बाकीचे हलके.

"लाइट-हाउस-की-पर. सगळा जोर पहिल्यावर, आणि शेवटपर्यंत एकाच दमात जायचं. मध्ये श्वास घेतला, की शब्द मोडतो. मग मागचं अर्धं अंग स्वतःचा जोर लावून वेगळंच उभं राहतं. मिसेस स्टोर, ते त्यांचं काम सांगत होते. खिडकीतून खडक दिसतो ना? त्यांना आधी हाच शब्द हवा होता. मला बोटाने दाखवत होते कितीतरी दिवस. तुम्हाला अचानक ऐकवायचा होता त्यांना, म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, की आम्ही हळूच तेवढा घ्यायचो."

मला वाटलं, आता हिल्डा रडेल, तिच्या मनावरचं ओझं उतरेल. तिचा चेहरा मात्र लालबुंद झाला.

"म्हणजे हेही तुम्हालाच कळलं," ती म्हणाली. "मी तिथे उभी होते. माझ्याकडे बोट होतं. मला नाही कळलं. तुम्ही तिथे नव्हतात, तरी तुम्हाला कळलं. इतकी वर्षं मी या माणसाची वाट बघत काढली, बाई. आधी दिव्याने नेला, मग त्या आर्थरने. जरा कुठे बोलायला लागला, तर आता त्याच्या मनात काय आहे ते तुम्ही मला समजावून सांगणार?"

मिस मॅलिन्सननी रुमालाची घडी करून तो खिशात ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांच्या मनातलं मला काही कळत नाही, मिसेस स्टोर. शब्द कुठे मोडतो तेवढं कळतं. मला ते दुसरं काही सांगत नाहीत. मी येते तेव्हा निम्मा वेळ तुमच्या दाराकडेच बघत असतात."

"खोटं."

"माझा काय फायदा खोटं बोलून? चहा तरी चांगल्या कपात मिळेल का?"

मी तोंड फिरवलं. हिल्डाने गुंडा उचलला, परत ठेवला.

"हात मी धरणार," ती म्हणाली.

"धरा."

"ठोके मी देणार."

"द्या. पण मी सांगेन तसे. तुमचे फार जोरात असतात, त्यांनीच हात चोळून दाखवलं मला."

"आणि तुम्ही खुर्ची लांब घ्यायची."

"किती लांब?"

हिल्डाने विचार केला. "कपाटापाशी."

असा तो वर्ग पुन्हा सुरू झाला. मिस मॅलिन्सन कपाटापाशी बसून सांगायच्या, हिल्डा हात धरून ठोके द्यायची, आणि पहिले काही दिवस भिंतीपलीकडून 'च्यायला'च जास्त ऐकू यायचा.

"हळू, मिसेस स्टोर. दार नाही ते, नवरा आहे. फक्त पहिल्यावर जोर. बाकीचे नुसते टेकवा."

हिल्डाला ते शिकायला एझराइतकाच वेळ लागला. टेकवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. कुठल्या तुकड्यावर रेटायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हे ती रात्री जेवण झाल्यावर टेबलाच्या कडेवर एकटीच घोकायची. एझरा बघायचा आणि गालातल्या गालात हसायचा. एप्रिलमध्ये एका दुपारी मी भिंतीला कान लावूनच बसले होते, खोटं कशाला बोलू, आणि तो शब्द आला. लाइटहाउसकीपर. दम न सोडता, डोक्यापासून शेपटापर्यंत एकसंध. मग एझराचा आवाज आला, अडखळत, घशातून ओढून काढलेला.

"हिल... डा."

जोर उलटा पडला होता. सगळा भार 'डा'वर. कपाटाजवळून मिस मॅलिन्सन म्हणाल्या, "छान! आता फक्त जोर पहिल्या..."

"राहू द्या," हिल्डा म्हणाली. "ते माझं आहे."

पुढे आयुष्यभर तो तिला तशीच हाक मारत राहिला, हिल-डा, आणि चॅपलमध्ये त्यावर कुणी हसलं, तर हिल्डा अशी बघायची, की समोरच्याचं हसू ओठांवरच विरायचं.

एझरा चांगलाच सुधारला. पूर्वीसारखा नाही, पण अडखळत अडखळत गोष्टी सांगण्याइतका. आता मात्र तो फक्त हिल्डाला सांगायचा नाही, येईल त्याला सांगायचा. पेपर टाकणाऱ्याला, मिनिस्टरांना, मला. आणि निम्म्या गोष्टी आर्थरच्या. आर्थर गाताना कसा बेसूर व्हायचा, आर्थरने खडकावर येऊन पहुडणाऱ्या सीलला नाव काय ठेवलं होतं. हिल्डा सुया आपटत विणत बसायची.

"बोलायला शिकवला, आणि बोलतो काय? आर्थर!" ती मला म्हणायची. "तो मेला म्हणतात गेल्या वर्षी. तरी याच्या तोंडातून जाईना."

मिस मॅलिन्सनची बदली झाली. शेवटच्या दिवशी हिल्डाने चांगले कप काढले आणि आल्याचा केक कापला, मोठा तुकडा कापला. एझराने त्यांच्या गालावर ओठ टेकले. हिल्डाने ते बघितलं, आणि मग त्यांची बॅग स्वतः उचलून गाडीपर्यंत नेली. परत येऊन तिने एझराचं तोंड ओल्या फडक्याने चांगलं खसाखसा पुसलं.

"सर्दी झालीय तिला," ती म्हणाली. "तुला लागायची."

त्यानंतर एझरा सहा-सात वर्षं जगला. हॅगच्या दिव्यावर यंत्र आलं आणि शेवटची माणसं बोटीतून परत आली, ते त्याने खिडकीतून बघितलं. एका वसंतात तो झोपेतच गेला.

चॅपलमध्ये बरीच गर्दी होती. मी हिल्डाच्या मागच्याच बाकावर होते. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी मागच्या बाजूला कुणीतरी शिंकलं. हिल्डाने वळून पाहिलं. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर मिस मॅलिन्सन बसल्या होत्या, केस पांढरे झालेले, ओल्या कोटात. इतक्या लांबून आल्या होत्या. त्यांना कळवलं कुणी, मला माहीत नाही.

हिल्डा उठली. सगळं चॅपल बघत असताना ती मधल्या वाटेने मागे गेली आणि त्यांच्या समोर उभी राहिली.

"इथे काय बसलात? पुढे चला."

"नको, मी इथे बरी आहे, मिसेस स्टोर."

"चला म्हणते ना."

तिने त्यांना दंडाला धरून पुढे आणलं. पहिल्या बाकावर दोन जागा रिकाम्या होत्या. मिस मॅलिन्सन आत सरकून एझराच्या शवपेटीकडच्या बाजूला बसायला लागल्या, तशी हिल्डाने त्यांना हाताने थांबवलं.

"तिकडे नाही, इकडे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याच्या बाजूला मी."

आणि मध्ये बसली.